पाव्हण्याला गाव विचारू नये

मुक्काम : (नंतर लिहितो)

आदरणीय दाजी आणि आमची सिंधूताई,

तुम्हा दोघांच्या पायांवर दुरूनच डोकं ठेवतो. जवळ असतो तर दाजींनी नेहमीप्रमाणे ऐनवेळी पाय मागे घेतले असते आणि माझं डोकं फरशीवर आपटलं असतं, तेव्हा दुरूनच बरं. दाजी, गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतंच ताईला दाखवता? कांदाचाळीतला कांदा टिकलाय ना? ताईनं पाठवलेलं लोणचं पोचलं. बरणी कोरड्या जागी ठेव असं तिनं बजावलं होतं, पण आमच्याकडे सध्या कोरडी जागा शिल्लक नाही. त्याचं कारण पुढे येईल. कागद चुरगळलेला आहे, शाई मधेच निळ्याची काळी झाली आहे, त्याचंही कारण पुढे येईल. सावळीरामला कधीपासून पत्रं लिहायचं सुचायला लागलं, असं तुम्ही ताईला विचाराल (लग्नपत्रिका सोडली तर माझ्या हातचा कागद तुमच्या घरी आजवर आलेला नाही, हे मला मान्य आहे), तर तेही पुढेच येईल. आधी जरा बसा. गुडघा लांब करून बसा, कारण गोष्ट लांबलचक आहे.

आमच्या मळ्यातला पाव्हणा तुम्हाला आठवत असणारच. विहिरीच्या कडेला, उंबराखाली, मातीत रुतवून उभं केलेलं ते लांबडं मडकं. वरचं तोंड फुटलेलं, खाली मुळ्यासारखं निमुळतं, दोनपैकी एकच कान शाबूत आणि अंगावर कितीतरी पिढ्यांचा शेंदूर. तुमच्या लग्नात तुम्ही विहिरीवर आंघोळीला गेलात आणि ओला टॉवेल त्या कानाला अडकवलात. त्यावर आमच्या आईनं भर मांडवात नव्या जावयाला जे काही सुनावलं ते ऐकून तुमचे वडील परत जायला निघाले होते. टॉवेल ओढताना कानावरच्या शेंदराचा टवका उडाला. तिथं पुन्हा शेंदूर कधी नीट बसलाच नाही, हे लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या प्रकाराची सुरुवात त्या टवक्यापासून होते, म्हणजे मुळात दोष तुमचा आहे, पण ते असो.

हा पाव्हणा आमच्याकडे कधी आला ते कोणालाच ठाऊक नाही. झेंडूची पहिली माळ त्याला घालायची, नवी द्राक्षं बाजारात आली की पहिला घड त्याच्यावर पिळायचा (द्राक्षं नव्हती त्या काळात करवंदं पिळायचे म्हणे), सणावाराला नैवेद्य दाखवायचा, आणि एक नियम पाळायचा. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे अनोळखी माणूस दारात आला की पाणी नंतर, पहिला प्रश्न, काय पाव्हणं, गाव कोणतं? गाव कळलं की त्या गावात आपलं कोणीतरी निघतं, मग नातं निघतं आणि मग चहा निघतो. (तुमच्या चांदवडला आधी कांद्याचा भाव विचारतात आणि मग गाव, पण तेही असो.) ह्या एका पाव्हण्याला मात्र गाव विचारायचं नाही. का, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. ती फुलं गुंफता गुंफता म्हणाली, "त्याला त्याचं गाव आठवत नाय, म्हनून तो हितं सुखानं हाय. कुनी इचारलं का त्याला आठवंल. आठवलं का तो निघंल. आन निघाला का एकला जायाचा नाय, वेशीपर्यंत पोचवायला घरचं मानूस मागंल." मी त्यानंतर कितीतरी दिवस विहिरीकडे एकटा गेलो नाही. पुढे मोठा झालो, मोटर बसवली, ठिबक आणलं आणि विसरून गेलो.

आता आमच्या सृष्टीकडे येतो. तुमची भाची जुन्या भांड्यांवर संशोधन करते, हे ताईनं चांदवडभर सांगितलंय आणि लोकांनी ते तांब्यापितळेच्या दुकानाबद्दल आहे असं समजून घेतलंय. तसं नाही. मडक्याचा तुकडा हातात घ्यायचा आणि तो कुठल्या गावच्या मातीचा आहे हे यंत्रावर तपासून सांगायचं, असं ते शास्त्र आहे. मी म्हटलं, एवढं तर आपली सिंधूताई सोयरीक जुळवताना नुसत्या बोलण्यावरून ओळखते, त्याला यंत्र कशाला? पण आतून मला फार अभिमान वाटत होता. आपल्या घरातली पोर मातीतच हात घालते आहे, फक्त आमच्यासारखं खत घालत नाही. वणीला देवीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच उतरवलं, त्या वर्षापासून सृष्टीची नजर आमच्या पाव्हण्यावर होती. एक दिवस भिंग घेऊन ती तुमच्या त्या टवक्यापाशी बसली आणि ओरडतच घरात आली. मातीत काळे चमकदार कण होते. दुसऱ्या दिवशी तिचे मार्गदर्शक कुलथे सर स्कूटर काढून मळ्यात हजर झाले. मोठा भला माणूस, सिन्नरचा, आणि सिन्नरचा असल्याचं दर वाक्यात सांगणारा. पाव्हण्याला बघून त्यांनी चप्पल काढली आणि म्हणाले की हा दारूचा रांजण आहे, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाऱ्यांच्या जहाजातून आलेला, किनाऱ्यावर उतरून घाट चढून आपल्या नाशिकला पोचलेला. संध्या (आमची बायको म्हणजे तुम्हाला माहीतच आहे) म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं आपण दारूच्या रांजणाला साखरभाताचा नैवेद्य दाखवला? आणि तिनं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

आईनं तपासणीला हरकत घेतली नाही, ह्याचं मला नवल वाटलं. शेंदूर काढा, वजन करा, काय बघायचं ते बघा, फक्त गाव विचारू नका, एवढीच तिची अट. सृष्टी हसली. ती म्हणाली, आजी, माझं कामच ते आहे. आणि उंबराखाली वाकून, त्याच्या उरलेल्या कानावर हात ठेवून, आपण दारातल्या माणसाला विचारतो तस्संच तिनं मोठ्यानं विचारलं, "काय पाव्हणं, गाव कोणतं?" कुलथे सरांनाही गंमत वाटली, त्यांनीही वाकून तेच विचारलं. मी हसलो. आई उठून घरात गेली. वारा नव्हता तरी उंबराची पानं एका बाजूची हलली, पण झाडं हलतच असतात, त्यात काय एवढं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तपासणी म्हणजे आधी एक बंदुकीसारखं यंत्र. किराणा दुकानात किंमत वाचायला लावतात तसं ते मडक्याला लावायचं, मग मातीत काय काय आहे ते पडद्यावर येतं. पडद्यावर आलं शिसं. जिथं लावावं तिथं शिसंच. सर चक्रावले, अख्खा रांजण शिशाचा कसा असेल? शेवटी सृष्टीच्या लक्षात आलं की तो शेंदराचा प्रताप आहे (शेंदूर शिशाचाच करतात म्हणे), आमच्या खापरपणज्यांची भक्ती यंत्राला कळत नव्हती. मग आतून खरवडून बघितलं तर द्राक्षाच्या दारूचा अंश सापडला. सरांना आनंदानं काही सुचेना, दोन हजार वर्षांचा पुरावा! मी हळूच म्हटलं, सर, त्यातला बराचसा गेल्या माघातला असेल, घड मीच पिळला होता. मग पाव्हण्याला मातीतून उपटून खालच्या टोकाचा सुपारीएवढा तुकडा कापायचं आणि त्याला परत जागेवर रोवायचं ठरलं. तो घासून घासून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ करतात (दाजी, तुमच्यासाठी ही उपमा) आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले कण ओळखतात. कापताना यंत्रावर पाणी सोडावं लागतं. ते पाणी नळाचं, गोडं. खाली जमा झालेलं पाणी मात्र खारट निघालं. सर कुठलीही माती जिभेला लावून बघतात, तशी त्यांनी बोटभर चाखली आणि म्हणाले, खारट आहे बुवा, समुद्रासारखं. आणि हसले.

पहिला निकाल असा आला की काळे कण ज्वालामुखीच्या दगडाचे आहेत, आणि आपला सगळा सह्याद्रीच त्या दगडाचा, म्हणजे पाव्हणा इथलाच असू शकतो. मला खरं सांगतो, फार बरं वाटलं. इतकी वर्षं जेवू घातलेला माणूस आपल्याच भागातला निघावा, असं कोणालाही वाटेल. आईनं त्या दिवशी स्वतःहून शिरा केला. पण कुलथे सर एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्या पापुद्र्यात काही पांढुरके कण होते, आपल्या काळ्या पाषाणात ते नसतात. सरांनी कुठकुठल्या देशांतल्या मातीच्या नमुन्यांशी ते ताडून बघितले आणि ते तंतोतंत जुळले इटलीतल्या एका आखाताकाठच्या मातीशी. तिथं समुद्राला लागून ज्वालामुखी आहे आणि त्याच्या पायथ्याला द्राक्षाचे मळे आहेत. सृष्टी निकालाचा कागद घेऊन घरी आली, पण घरात आलीच नाही, आधी विहिरीवर गेली आणि पाव्हण्याला तो मोठ्यानं वाचून दाखवला. बघा पाव्हणं, सापडलं तुमचं गाव. मी ओट्यावरून ऐकत होतो. वाचून झाल्यावर ती जराशी थांबली, जसं काही समोरून उत्तर येणार होतं, आणि मग माझ्याकडे बघून कसंनुसं हसली.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्याचा कान पश्चिमेकडे वळलेला होता. दाजी, तो कान विहिरीकडे असतो, पूर्वेला, तुम्ही टॉवेल टाकलात तेव्हापासून मी तो तसाच बघतोय. कुत्र्यानं धक्का दिला असेल म्हणून मी तो सरळ केला. परत पश्चिमेला. मग अंगाला ओल सुटायला लागली. ऊन कडक, आणि हा आपला घाम फुटल्यासारखा ओला, वर पांढरा थर, चाखून बघितला तर मीठ. पाठोपाठ घरातल्या भिंती ओलावल्या, लोणच्याच्या बरणीखाली पाणी साचलं, संध्याची पापडाची डाळ सर्द झाली. (तेव्हा ती त्याच्याशी परत बोलायला लागली, पण जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.) आणि मग झेंडू. दसऱ्याचा झेंडू, दाजी, ऐन कळीवर आलेला! पाव्हण्यापासून पश्चिमेकडे एक पाऊलभर रुंदीची रेघ वाळत गेली. झाडं मोडलेली नाहीत, तुडवलेली नाहीत, नुसती मिठानं पांढरी होऊन जागच्या जागी उभी. रोज सकाळी रेघ थोडी पुढे सरकलेली. मी कृषी केंद्रातून औषध आणलं, दुकानदारानं करपा म्हणून सांगितलं. करपा असा सरळ चालत जातो का हो कधी? रोज एकेक पाऊल टाकत, बांध ओलांडून, थेट पश्चिमेला?

कुलथे सरांचा सत्कार ठेवला होता. नाशिकमध्ये सभागृह भरायचं म्हणजे काय असतं तुम्हाला माहीत आहे, पण भरलं होतं. शाल, नारळ, सगळं झालं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी विचारलं, सर, आपलं मूळ गाव कोणतं? आम्ही सगळे मागे टेकून बसलो, कारण आता सिन्नरवर बराच वेळ ऐकायला लागणार होतं. सर माइकसमोर उभे राहिले. तोंड उघडलं. बंद केलं. लोकांना वाटलं, भरून आलंय. टाळ्या झाल्या. सर खाली बघत म्हणाले, "पाणी दिसतंय नुसतं." परत टाळ्या झाल्या, कारण लोकांना ती कविता वाटली. मी मात्र त्यांचे डोळे बघितले आणि माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात सर स्कूटर घेऊन घराबाहेर पडले ते डहाणूकडच्या किनाऱ्यावर सापडले. समुद्रात गुडघ्याएवढ्या पाण्यात, सत्काराची शाल पांघरून, शांत उभे. मुलाला ओळखलं, मडक्यांची सगळी शास्त्रीय नावं धडाधड सांगितली. गाव विचारलं की पश्चिमेकडे हात करायचे आणि घाबरून रडायचे.

आता जे लिहितो ते ताईला वाचून दाखवू नका, तिला मागाहून सांगा. एक दिवस सृष्टी नाशिकला सीबीएसवर, एसटी स्टँडपाशी, रिक्षात बसली. रिक्षावाल्यानं विचारलं कुठं, आणि तिला सांगता येईना. शेवटी त्या बिचाऱ्यानं तिच्या फोनवरून मला लावला. मी गेलो तर ती मला बघून हसली, बाबा म्हणाली, हातातली पिशवी दिली, सगळं ठीक. घरी येताना गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, पूल ओलांडला आणि तिनं हळू आवाजात विचारलं, बाबा, आपल्या गावाचं नाव काय हो? मी सांगितलं. तिनं ते तळहातावर पेनानं लिहून घेतलं. संध्याकाळी भांडी घासताना ते पुसलं आणि तिनं परत विचारलं. मग रोज. ती रोज दिवेलागणीला झेंडूतल्या त्या वाळल्या रेघेच्या टोकाला जाऊन उभी राहायची, रेघेसारखीच पश्चिमेकडे तोंड करून, आणि मी हाक मारली की वळून बघायची, पण यायला वेळ लावायची. दाजी, मी कधी कोणापुढे रडलो नाही, ताईच्या पाठवणीलासुद्धा मी मंडपवाल्याशी भांडत होतो. पण आपली लेक आपल्याच उंबऱ्यावर उभी राहून, हे घर कुणाचं, अशा नजरेनं बघते, हे मला बघवेना. डॉक्टर म्हणाले, अभ्यासाचा ताण, बी-बाराची इंजेक्शनं घ्या. घेतली. दंड तेवढा सुजला.

शेवटी आईपाशी जाऊन बसलो. मला वाटलं, ती बोलेल, सांगितलं होतं मी. ती तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, पाव्हणा वाईट नाही, इतकी वर्षं आपलं खाल्लंय, त्याला फक्त घरी जायचंय आणि एकट्याला वाट सापडत नाही. ज्यानं विचारलं त्यालाच तो सोबत मागतो. पण घरचा कर्ता पुढं झाला तर बाकी सगळ्यांना सोडतो. "तू जाऊन इचार. आन म्हन, मी पोचवतो. वेशीपर्यंतच पोचवायचं, वेस आली का तोच सांगंल." मी विचारलं, कुठली वेस? आई म्हणाली, ते मला काय ठाव, त्याच्या गावाची आसंल.

मी गेलो. दिवस चांगला वर आला होता, बायका पलीकडे कळ्या खुडत होत्या, त्यांच्यासमोर मडक्याशी बोलायची मला लाजच वाटली. वाकलो, कानावर हात ठेवला, कान थंडगार होता. म्हटलं, पाव्हणं, गाव कोणतं? चला, मी येतो पोचवायला. आतून विहिरीत कोणी श्वास सोडावा तसा आवाज आला, आणि मागे ओट्यावर मटार सोलत बसलेल्या सृष्टीनं एकदम आपल्या गावाचं नाव घेतलं. नाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, आमच्या मळ्याचा गट नंबरसुद्धा. मग म्हणाली, बाबा, मला काय झालं होतं हो? संध्या सोललेले मटार सांडून तिला मिठी मारून रडायला लागली. मीही रडलो, दाजी, आणि मला त्याची लाज वाटली नाही. थोड्या वेळानं कुलथे सरांच्या मुलाचा फोन आला, सरांना सिन्नर आठवलं. आठवलं ते असं की आता थांबतच नाहीत.

मी त्याच दिवशी निघालो. माझ्या फोनच्या नकाशात मी कुठे आहे तो ठिपका असतो ना, तो निळ्या पाण्याच्या मधोमध दिसायला लागला होता, आणि फोन सारखा मार्ग पुन्हा शोधतोय म्हणून बोंबलायचा. म्हणून तो घरीच ठेवला. पाव्हण्याला झेंडूच्या पाल्यात गुंडाळून पोत्यात घातलं आणि खांद्यावर घेतलं. सृष्टी बरोबर यायला निघाली होती, तिला तिच्या आजीनं दंडाला धरून बसवलं. गावाच्या वेशीवर थांबलो. पोतं गप्प. म्हणजे पुढे. बसमध्ये बसलो तर कंडक्टर म्हणाला, "काका, कुठलं तिकीट देऊ?" आता ह्याला काय सांगणार? मी पश्चिमेकडे हात केला. त्यानं पुढच्या थांब्यावर उतरवलं, पोत्याचं वेगळं तिकीट लागेल असंही सुनावलं. मग चालतच निघालो. त्र्यंबकची वेस गेली, पोतं गप्प. रस्त्याला कोणी नसलं की माझ्या पावलाबरोबर दुसरं एक पाऊल वाजतं, अनवाणी, ओलं. मी थांबलो की तेही थांबतं. पहिल्यांदा भीती वाटली. आता सवय झाली आहे. सोबत म्हटलं तर सोबतच ती.

हे पत्र हरसूलच्या बाजारात बसून लिहितोय, दाजी. आज बाजार आहे. कागद किराणावाल्याकडून घेतला, पेन आधी त्याचं आणि मग एका मास्तरांचं. सकाळपासून दोघांनी मला मडकीविक्या समजून भाव विचारला. शेजारी सुकट विकायला बसलेली बाई आहे. तिच्या टोपलीचा वास आला तसं पोतं माझ्या मांडीवर हललं. मी नीट बघितलं, हललं. त्या बाईनंही बघितलं. तिनं काही विचारलं नाही, नागलीची भाकर आणि चटणी पुढे केली आणि म्हणाली, "खा आधी." बाकी सगळा बाजार मला विचारून गेला, काय पाव्हणं, गाव कोणतं. मी हसून वेळ मारून नेली.

तर दाजी, काळजी करू नका. माझी तब्येत उत्तम आहे, पाय दुखत नाहीत, भूक लागते. आईला, संध्याला, सृष्टीला माझा निरोप आणि तुमच्या गुडघ्याला माझे आशीर्वाद (मी वयानं लहान असलो तरी गुडघ्याहून मोठा आहे). वेस आली की परततो.

पाव्हण्याला पोचवायला निघालेला, तुमचा मेहुणा,
सावळीराम

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. दसऱ्याला तुम्ही दोघं आमच्याकडे जा. झेंडू खुडायला संध्या एकटी पडेल. ती वाळलेली रेघ नांगरू नका, तशीच राहू द्या, परत येताना मला तीच वाट असेल. सृष्टी माझ्यामागे निघाली तर तिला अडवा. तिनं ऐकलं नाही तर दारात झोपा, तुम्हाला झोप कुठेही लागते. टवका तुम्ही उडवला होता, हे विसरू नका.

ता. क. दुसरा : वर मुक्काम नंतर लिहितो म्हणालो होतो. मघापासून आठवतोय. उंबर आठवतो, विहिरीची पायरी आठवते, गंगेचा पूल, ओट्यावर सांडलेले मटार, संध्याच्या हातातलं फडकं, सगळं डोळ्यांसमोर आहे. नाव तेवढं येत नाही. पत्र खरं तर संध्यालाच लिहायचं होतं. पण पाकिटावर काय लिहू? चांदवड आठवतं, ते तुमचं गाव, माझं नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. वाचून झालं की तेवढं आमच्या घरी नेऊन द्या. रस्ता तुम्हाला माहीत आहे.

ता. क. तिसरा : सुकटवाली बाई सामान आवरतेय, पोतंही उठू बघतंय. दाजी, मी परत आलो आणि तुमच्या दारात उभा राहिलो, तर ताईला सांगा, आधी जेवायला वाढ. मला गाव विचारू नका. तुम्हीच सांगा.